मोरीचं पाणी कुणीकडे

आत्याबाई, तुमची मोरी आम्ही हलवली. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे मागाहून "मेलीनं शेवटपर्यंत लपवून ठेवलंन" असं तुम्ही म्हणायला नको. दक्षिणेच्या भिंतीकडची, अंधारातली, तुम्ही स्वतः गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतलेली मोरी आता नाही. तिथे फुटक्या चिऱ्यांचा ढीग आहे, ढिगावर मांजर बसलंय आणि मी पडवीत घोंगडी टाकून लिहायला बसले आहे. बसले म्हणजे टेकते नि उठते. हातांना काम नाही ना. जेवण पडवीतल्या स्टोव्हवर होतं, तेही सूनबाई सकाळीच उरकून शाळेत शिकवायला जाते. नात आपल्या शाळेत. मुलगा लोट्याला कंपनीत, तो आठवड्याने येतो. घरात मी, मांजर आणि उघडं पडलेलं स्वयंपाकघर. मधेच आत जाऊन बघून येते, जसं काही माझ्यावाचून ते पळून जाणार आहे. जग सासूला सासूबाई म्हणतं, मी तुम्हाला आत्याबाई म्हणत आले, ते तसंच लिहिते. दुसरीपर्यंतची माझी शाळा, त्यातही दुसरीत भातलावणीला म्हणून काढलं ते काढलंच. नात म्हणते, आजी, तू बोलतेस तसंच लिहितेस. मग दुसरं कसं लिहायचं, हे काही तिने सांगितलं नाही.

तुम्ही असताना स्वयंपाकघर कसं होतं ते तुम्हाला काय सांगायचं, पण मला सांगावंसं वाटतं. आत शिरलं की आधी काही दिसायचंच नाही. चुलीचा जाळ तेवढा दिसायचा, मग हळूहळू डेरा, मग पाटा, मग तुम्ही. उत्तरेच्या भिंतीत हातभर झरोका, त्यातून उजेडापेक्षा मांजरंच जास्त यायची. मोरी पार त्या टोकाला. चुलीवरून उठायचं, वाकून पाणी ओतायचं, परत वाकून बसायचं. माझे गुडघे तिथेच गेले असं डॉक्टर म्हणाला नाही, पण मी म्हणते. मुलग्याच्या वेळी मला दिवस भरत आले होते, मोरीत उकिडवं बसून भांडी घासवेनात. मी काही बोलले नव्हते. तुम्ही एके दिवशी नदीतून चपटा दगड आणवलात, मोरीच्या कडेला बसवलात आणि म्हणालात, "यावर बसायचं. बसून काम केलं तर हात झिजत नाय." एवढंच. कौतुक नाही, विचारपूस नाही. तो दगड मी गवंड्याला फोडू दिला नाही हो. तो आता गॅसच्या सिलेंडरखाली आहे, जमिनीची ओल लागू नये म्हणून. दगडाला काय, कुणीही बसलं तरी सारखंच.

आणि ती पेजेची गोष्टही आठवते. नवी नवरी मी, घाई झाली म्हणून पेजेचं खरकटं पाणी मोरीत न ओतता मागच्या दारातून पाणंदीवर भिरकावलं. तुम्ही मनगट धरून मला बाहेर नेलंत आणि विहिरीवर जाणाऱ्या चार बायकांसमोर ती वाट धुवायला लावलीत. "पाणी कुठनं आणलंन ते घराला ठाऊक, कुठे सांडलंन ते गावाला ठाऊक." मी रडत रडत खराटा मारत होते. त्या बायका हसत होत्या. मला वाटलं होतं, मी हे विसरले. विसरले असते तर आत्ता अशी पिंजऱ्यातल्या पोपटासारखी पडवीत येरझाऱ्या कशाला घातल्या असत्या?

मोरी हलवायची वेळ का आली, तर गॅसमुळे. नंबर लावून कितीक वर्षं झाली, एकदाचा आला. मी काय केलं, शेगडी चुलीच्या शेजारी जमिनीवर मांडली, सिलेंडर बाजूला उभा केला, पुढ्यात पाट टाकला आणि चुलीसमोर बसतात तशी बसले. गॅसवाला दुसरा सिलेंडर घेऊन आला तो बघून दारातच थबकला. म्हणाला, "आजी, शेगडी अशी जमिनीवर ठेवतात काय? सिलेंडरच्या डोक्यापेक्षा उंच पायजे." मी म्हटलं, "मग मी काय माळ्यावर चढून भाकऱ्या भाजू?" तो हसला, पण मुलग्याने ते ऐकलंन आणि त्याने ठरवलंन, आईला ओटा बांधायचा. तुम्ही म्हणायचात, उभ्यानं रांधलेलं अंगी लागत नाही. मी मुलग्याला तसं सांगून बघितलं. तो म्हणाला, "आई, तुला बसायला येतं, उठायला येतं काय? दर वेळी कुणाला तरी हाक मारतेस."

सूनबाईने तर कागदावर चित्रच काढलंन. उत्तरेच्या भिंतीला झरोका काढून मोठी खिडकी, खिडकीखाली काळ्या कडप्प्याचा ओटा, ओट्यात मोरी, तीही उभ्यानं भांडी घासायची, वर नळ. विहिरीवर पंप, मागे टाकी, टाकीतून पाइप. मिक्सरला भिंतीत बटण. आणि फ्रीज आत. हा फ्रीज आणल्यापासून बाहेरच्या खोलीत होता हो, टीव्हीच्या शेजारी, डोक्यावर विणलेला रुमाल घालून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. पावणे आले की सगळे त्याच्याकडे बघत बसायचे आणि आतून कुणी सुरमईचा तुकडा काढायला आलं की पावण्यांच्या चहात सुरमईचा वास. सूनबाई म्हणाली, "देवघर आहे का ते, दर्शनी ठेवायला?" मला ती आवडते. तुमच्यासमोर मी असं एकदाही बोलू शकले नाही, आणि ती रोज बोलते, आणि घर काही पडत नाही.

हातखंब्याकडचा गवंडी आला, नळवाला आला. भिंत फुटली आणि एकदम उजेड आत आला, तसा मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा केला. चुलीमागची भिंत एवढी काळी होती हे मला त्या दिवशी कळलं. ओटा उभा राहिला. नळवाल्याने लोखंडी पाइप आटे पाडून जोडले, चावी फिरवलीन आणि खिडकीशी पाणी आलं. मी ओंजळ धरली. नात म्हणाली, "आजी, पहिलं पाणी पिऊ नको, गंजाचं असतं." प्यायलं नाही, तोंडाला लावलं फक्त. तेवढ्यात नळवाला मोरीच्या भोकाखाली वाकला, उठला, बाहेर गेला, परत आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "आजी, हे पाणी जायचं कुणीकडे?"

आत्याबाई, पाणी आणायचा विचार आम्ही सगळ्यांनी केला. जायचा कुणी केलाच नाही. सूनबाईच्या चित्रात पाणी यायचा बाण होता, जायचा नव्हता. जुन्या मोरीचं पाणी दक्षिणेला आपल्या केळींत नि अळवात जायचं. नव्या मोरीचं तिकडे न्यायचं तर फरशीखालून उतार उलटा, भिंतीवरून न्यायचं तर मधे मागचं दार. खड्डा खणून मुरवू म्हटलं तर खाली कातळ, पहार मारली की ठिणगी उडते. उत्तरेला तेवढा उतार आहे. सरळ हद्दीच्या गडग्याखालून पलीकडे. आणि पलीकडे कोण? तुमची धाकटी सून.

तुम्ही गेल्यावर भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मधे चिऱ्यांचा गडगा आला, ते एक वेळ चालतं, सगळ्यांच्या घरी येतो. पण आम्हा दोघी जावांचं बोलणं बंद आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. तिच्या लेकीचं लग्न ठरलं. अख्ख्या वाडीत ती स्वतः हळदकुंकू घेऊन अक्षत द्यायला फिरली, आणि माझ्याकडे, थोरल्या जावेकडे, गड्याच्या हाती पाठवलीन. त्याने पुडी उंबऱ्यावर ठेवलीन आणि गेला. मी लग्नाला गेले नाही. तेव्हापासून ती तिच्या कोंबड्यांशी बोलते आणि मी माझ्या मांजराशी. जे काय सांगायचं ते जनावरांना, पण गडग्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ह्यांच्या शेवटच्या आजारपणात ती आली, बसली, रडली, पण माझ्याशी बोलली नाही. मीही नाही.

तर आता हे असं आहे. गवंडी उद्या येऊन विचारणार, गडग्याखालून भोक पाडू, की ओटा तोडून मोरी जुन्या जागी घेऊ? मुलगा म्हणतो, "मी सांगतो काकीला." मी म्हटलं, तू नको. सूनबाई म्हणते, "मग तुम्ही जा." मी म्हटलं, बघते. न विचारता सोडलं तर आमचं खरकटं तिच्या माडांच्या मुळाशी, तिने शिव्या घातल्या तरी तोंड उघडायची सोय नाही. तुम्ही असतात तर माझं मनगट धरून परत खराटा हातात दिला असतात. विचारायला जावं तर ती नाही म्हणेल. नाही म्हणाली तर ओटा गेला, खिडकी गेली, मी परत त्या कोपऱ्यात. मला एकदा उजेडात रांधायचं आहे हो आत्याबाई. नातवंडं झाली तरी हा हट्ट सुटत नाही. थांबा, गडग्याकडे कोंबड्या ओरडतायत, ती बाहेर आली वाटतं.

पंधरवडा झाला, इथवर लिहून उठले ती आज बसते आहे. ती तेव्हा खरंच बाहेर होती, गडग्याच्या सावलीत कोकमासाठी रातांबे फोडत. मी मांजर उचललं, गडग्याशी गेले आणि म्हटलं, "मने, तुला काय कळणार गो. इतका चांगला ओटा बांधला आणि पाणी जायला वाट नाय."

ती कोंबडीला म्हणाली, "ऐकलंस काय गो कोंबड्ये? लोकांनी फ्रीज आणला, खिडकी पाडली, रोज आमच्या अंगणात बघतात, नि आता म्हणे वाट नाय."

"वाट हाय गो मने. पण ती लोकांच्या माडांच्या आगरातनं जाते. लोक कुठची देतात."

"न मागता लोक काय देणार? लोकांना सपान पडतं?"

तेवढ्यात मांजराला काय झालं कोण जाणे, नखं काढून उडी मारून पळालं. आता मला बोलायला कुणी उरलं नाही. मी तशीच उभी. तिच्या कोंबड्याही पांगल्या होत्या. मग माझ्या तोंडून गेलंच, "पाणी सोडू काय गो तुझ्या बाजूला?"

तिने मान वर केली नाही. हातातला रातांबा फोडलान, बी काढलीन आणि म्हणाली, "अक्का, माझ्या लेकीची अक्षत मी माणसाच्या हाती पाठवली, तर तुम्ही मांडवात पाय ठेवला नाय. आणि आता तुमचं खरकटं पाणी तुम्ही पाइपाच्या हाती पाठवताय? गडग्यावरून मागू नका. दारातनं या, बसा, कुंकू लावून घ्या आणि मग मागा." विधवेला कुंकू लावून घ्या म्हणते! पण ती घाईत म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिच्याच ते लक्षात आलं, आणि पहिल्यांदा तिने वर बघितलंन. "गूळ खावा," ती म्हणाली. "गुळाला काय नाय."

मी घरात आले. लुगडं बदललं. परत जुनं नेसले, म्हटलं शेजारी जाताना कसला थाट. मग परत चांगलं नेसले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून फ्रीज उघडला, तर त्यात आदल्या रात्रीची डाळ. शेवटी परसातली अळवाची पानं कापली, तुमच्याच मोरीच्या पाण्यावर वाढलेली, ती घेऊन पाणंदीने वळसा घालून तिच्या दाराशी गेले. एवढंसं अंतर, पण मला धाप लागली. तिच्या ओटीवर मी बसले. तिने पाणी आणलंन, गूळ आणलान. मग मीच म्हटलं, पाण्याचं राहू दे बाजूला, पण तू गड्याच्या हाती का पाठवलीस ते सांग. साऱ्या वाडीत फिरलीस, मीच काय तुझी वैरीण होते?

ती म्हणाली, "वाडीत फिरले ते आदल्या दिवशी. तुमचं घर शेवटाला ठेवलं होतं, म्हटलं थोरली जाऊ, तिथे जरा बसेन, चहा घेईन. आणि सकाळी उठले ती बाहेरची झाले, अक्का. अक्षतीला हात कसा लावू? लग्न तर जवळ आलेलं. नि त्या गड्याला काय सांगू, की थोरलीला सांग, मी बाजूला बसल्ये? बाप्या माणसाला?"

"मग मागाहून तरी सांगायचंस!"

"सांगणार होते, तुम्ही लग्नाला आलात म्हणजे. तुम्ही आलातच नाय. मग मीपण म्हटलं, मरो."

आत्याबाई, मला हसू यायला लागलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तीही हसायला लागली, पदर तोंडात घालून, अगदी नवी सून असताना तुमच्यामागे हसायची तशी. तुमचाच तो नियम. चार दिवस मागच्या पडवीत, कशाला शिवायचं नाही, कुणाला कळू द्यायचं नाही, शब्दसुद्धा काढायचा नाही. तुम्ही आम्हाला इतकं पक्कं शिकवलंत, की तुम्ही गेल्यावर, वाटण्या झाल्यावर, चुली वेगळ्या झाल्यावरही तिने तो पाळला आणि मला वाटलं तिने माझा अपमान केला. रागवायचं तर कुणावर, सांगा ना? आमची सूनबाई काही बाजूला बसत नाही. पहिल्या महिन्यातच म्हणाली, "आई, मी बसले तर शाळेत मुलांना कोण शिकवणार?" मी तेव्हा नाक मुरडलं होतं. त्या दिवशी तिच्या ओटीवर बसून मला वाटलं, बसत नाही तेच बरं. हे तुम्हाला आवडणार नाही, पण तुम्ही काही वाचणार नाही, तेव्हा लिहिते.

पाण्याचं तिने लगेच हो म्हटलंन, पण अट घातलीन. "पावडरीचं पाणी सोडायचं नाय. माझे माड अजून पोरं हायत, उन्हाळ्यात कळशीनं पाणी घालून जगवल्येत. भांडी राखेनं घासा."

मी म्हटलं, "अगो, गॅसला राख कुठली?"

हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मग तीच म्हणाली, "माझी चूल हाय ना अजून. माझी न्या."

तेव्हा आता असं चाललं आहे. सकाळी ती गडग्यावर राखेचं डबडं ठेवते आणि दिवसभर आमचं पाणी गडग्याखालून तिच्या माडांना जातं. आपल्या केळींचं काय म्हणाल, तर न्हाणीचं पाणी तिकडेच आहे, त्या सुकायच्या नाहीत. मी उभ्याने रांधते, खिडकीतून तिचं अंगण दिसतं, तिला मी दिसते. सूनबाई म्हणते, आई, दूध उतू गेलं, लक्ष कुठे असतं तुमचं? खाल्लेलं अंगी लागतं की नाही ते माहीत नाही, पण माझा जीव एका जागी ठरत नाही. आनंदाने पण माणसाला बेचैन व्हायला होतं, हे मला या वयात कळलं. आणि त्या बाईला तर पाणी बघून सगळं कळतं. तिकडून ओरडते, "अक्का, आज तांदूळ जास्त धुतलात, कोण पावणे आले काय?" "अक्का, काल बांगडे होते ना? नि एक तुकडा इकडे नाय!" परवा आम्ही गणपतीपुळ्याला गेलो, संध्याकाळी आलो तर गडग्यावर उभी. "दिवसभर थेंब नाय. म्हटलं, पडली-बिडली की काय बया नव्या ओट्यावरून."

नात विचारते, आजी, हे पत्र टाकायचं कुठे? मी म्हटलं, टाकायचं कुठे न् काय, लिहायचं होतं, लिहिलं. तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. मोरी हलवली हे वाचून तुम्ही उठून आलात तर तुम्हाला गूळपाणी द्यायला तिच्या ओटीवर जागा कुठे आहे, तिथे आता रोज दुपारी आम्ही दोघी असतो.

एक तेवढं सांगायचं राहिलं. आज दुपारी तिची हाक आली नाही. मोरीत धुवायला वाटीसुद्धा नव्हती. मी नळ पुरा सोडला, पाणी गडग्याखालून तिच्याकडे जाऊ दिलं आणि खिडकीत उभी राहिले.